धुतलेला फोटो

कुणाच्याही घरात गेले की अण्णा आधी माणसांकडे बघायचे नाहीत, भिंतीकडे बघायचे. घरातली बाई म्हणायची, “बसा की, पावणं.” अण्णा उभ्यानंच म्हणायचे, “बसतो. त्यो फेट्यातला कोण?”

मी त्यांच्याकडे धुणंभांडी करायचे. त्यांचा फोटोचा धंदा कधीच मिटला होता. आता ते गावोगावच्या घरांतले जुने फोटो आणि मोडी लिपीतले कागद कॅमेऱ्यात उतरवून घेत. पिशवी धरायला मला नेत. “आतल्या खोलीतलं फोटो बायका मला कशाला दावतील? तू चल, अक्का.” मी तोंड उघडत नसे, पण मला बघून बायका ट्रंक उघडत.

बिद्रीकडे एका घरी कागदांचं गाठोडं देव्हाऱ्यात होतं. अशी गाठोडी तुम्हीही पाहिली असतील. दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं, वरून दूध शिंपडायचं. आत काय लिहिलंय ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी हात जोडले. “जरा सोडून दावता का?”

घरातला म्हातारा म्हणाला, “द्येव कुणी सोडून दावतंय व्हय?”

“बरं, मग दूध तरी घालू नगा. पचंना झालंय त्येला.”

म्हातारा खदखदून हसला. चहा पाजला. गाठ काही सोडली नाही.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, “ह्यांचं निदान गाठोडं तरी हाय. तुमच्या माणसांचं काय हाय, अक्का?”

मग मी सांगितलं. कागलजवळ माझ्या माहेरी एक फोटो होता. आमच्या लोकांनी बौद्ध धर्म घेतला, तेव्हा सगळ्या गल्लीनं मिळून काढलेला. त्यात माझी आजी होती; मी जन्मायच्या आधीच ती गेलेली. तिचा दुसरा फोटो नाही. चुलीच्या धुरानं काच काळी झालेली, आणि फोटो उंच टांगलेला. लहानपणी मी रोज त्याच्याखाली जेवले, पण नीट असा कधी पाहिला नाही.

अण्णा रस्त्यातच थांबले. “आनि हे तू आत्ता सांगतीस? रविवारी जायाचंच.”

मी वहिनीला फोन करून कळवलं.

रविवारी गेलो तर अंगण सारवलेलं, भजी तळलेली. वहिनीनं फोटो ताटात ठेवून, वर नवा टॉवेल झाकून आणला. “एवढं मोठं माणूस येणार, आन् फोटोवर ही काजळी! म्हटलं, धुऊनच काढावा. काचेतनं काढून साबणाच्या पाण्यानं चांगला घासला बघा.”

काच लख्ख होती. आतला कागद पांढरा होता. कडेला कुणाचा तरी पाय आणि एका लुगड्याचा काठ तेवढा उरला होता.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वहिनीचा चेहरा उतरायला लागला. “का वो अण्णा? चुकलं काय माझं?”

“छे छे. लई स्वच्छ झालाय.”

डॉक्टरांनी त्यांना तेलकट बंद केलं होतं. तरी त्यांनी बशीतली सगळी भजी खाल्ली. आणखी मागून घेतली. येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

पुढं त्यांनी ध्यासच घेतला. “असल्या फोटोच्या दोन-चार प्रती काढत्यात. धंदा केलाय मी, मला सांगू नगंस.” त्या गल्लीतली माणसं कुठंकुठं पांगली होती, तिथं तिथं ते गेले. कुठं घर पाडलेलं, कुठं वाळवी लागलेली. दवाखान्यात शेवटी आवाज बसला होता, तरी म्हणाले, “इचलकरंजीचं एक घर ऱ्हायलंय, अक्का.”

“तुम्ही बरं व्हा. दोघं जाऊ,” मी म्हटलं.

ते घरी आलेच नाहीत.

मग मी एकटीच गेले. शेजारच्या शेडात माग खडखडत होते. दारात एक बाई आली आणि ओरडून म्हणाली, “कोण पायजे?”

अण्णा असते तर एव्हाना आत जाऊन उभे राहिले असते. मी पिशवी धरून उंबऱ्याबाहेरच उभी. आणि तिनं फोटो आणून हातात दिलाच, तर एवढ्या बायकांत माझी आजी कोणती? तिला पाहिलेली माझी एक आत्या होती, तीही आता नाही.

“काय पायजे वो मावशी?” ती परत म्हणाली.

“जरा पाणी देता?” मी म्हटलं.

तिनं तांब्या भरून दिला. मी सगळं पाणी प्याले आणि परत आले.