मेंदीची वाटी
भिजवलेल्या मेंदीचा वास आला की मला रोवण्यातले, चिखलाने सडलेले पाय आठवतात. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या आमच्याकडच्या बाया संध्याकाळी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मेंदी भरतात, म्हणजे चिखल्या लवकर सुकतात. त्या साली ऐन रोवण्यात धाकट्या जावेला टायफॉईड झाला आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर आराम सांगितला. दिवसभर बांधीत, धानाच्या चिखलात वाकून मी घरी यायची, तर ही पंख्याखाली पडून मोबाईलवर लढाईच्या बातम्या बघत असायची आणि सांगायची, "बाई, आज तिकडे पुन्हा बाँब पडले." तिचे ते कोरडे, स्वच्छ पाय बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा, वाटायचं, हा ताप मला का नाही आला? एका संध्याकाळी मी मेंदी लावत असताना तिने खाटेवरून पाय पुढे केला. "बाई, मायाही पायाले लावून द्या ना." "काऊन? तुया पायाले का झालं?" "काही नाही. तुम्ही साऱ्याजणी बांधीत हासून राहता, इथवर आवाज येते. मी एकटीच लडाया पाहून राहिली." "मेंदी सरली," मी म्हणाले आणि अर्धी भरलेली वाटी तिच्यादेखत मोरीत धुऊन टाकली. यंदा माझ्या कमरेची नस दबली आहे, म्हणून रोवण्याला ती जाते आणि खाटेवर मी असते. मोबाईलवर अजूनही कुठेतरी बाँब पडतच असतात. संध्याकाळी ती वाटी घेऊन दारात बसते, मेंदीचा वास घरभर होतो, आणि मी माझे कोरडे पाय चादरीखाली ओढून घेते.