दोन तास आधी

आमच्या सांडोर गावात कुणाची मयत चारला निघायची असली, की इनासकाका दोनलाच येऊन पायरीवर बसलेला असायचा. काळा कोट, मांडीवर ट्रंपेट, डावी बाही कोपराखाली दुमडलेली. लोक हसायचे. "इनासला मेलेल्यापेक्षा जास्त घाई," म्हणायचे. ही सवय त्याला कुणी लावली ते मला ठाऊक होतं, म्हणून हसणाऱ्यांतून मी उठून जायचे.

काका माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, शेजारच्या घरात एकटा राहायचा. केळीची वाडी आणि गावच्या बँडमधलं क्लॅरिनेट, एवढाच त्याचा संसार. विहिरीवरचा रहाट मोडून इंजिन बसवलं, त्याच्या दुसऱ्याच वर्षी इंजिनाच्या पट्ट्यात त्याचा डावा हात गेला. बाबांनी त्याला उचलून इस्पितळात नेलं आणि दीड महिना त्याच्या उशाशी काढला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी बाबांना दुष्ट समजेल. ते तसे नव्हते, म्हणूनच माझा राग अजून जात नाही.

क्लॅरिनेटला दोन हात लागतात. घरी आल्यावर काही महिने काका ओटीवर बसून नुसता वाडीकडे बघायचा. मग एक दिवस बँडवाले एक जुनं, पोचे आलेलं ट्रंपेट घेऊन आले. त्याची तिन्ही बटणं उजव्या हाताची, डावा फक्त धरायला. काकाने पेरूच्या फांदीची एक बेचकी कापली, चांभाराकडून पट्टा शिवून घेऊन ती उरलेल्या हाताला बांधली आणि बेचकीत ट्रंपेट टेकवलं. "तू शिक. तुझी जागा तुझीच," बँडवाले म्हणाले.

पहिलं वर्षभर वाडीतून रेडा ओरडल्यासारखा आवाज यायचा. पट्ट्याने कातडी सोलवटायची. आई हळद लावता लावता म्हणायची, "पुरे आता, इनास." त्याचं उत्तर ठरलेलं. "गेला त्याचा जाऊ दे, वयनी. राहिला त्याचा बोल." वादळात केळी आडव्या झाल्या तरी हेच, चहा सांडला तरी हेच.

तीन वर्षांनी सूर लागला. तोवर माझं लग्न उमेळ्याला ठरलं होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून बँड लावून आणतात. काका म्हणाला, "तुझ्या पाण्याच्या पुढे मी. मना दुसरा काय नको."

रविवारच्या मिस्सेला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे माझे बाबा, पण ते शकुनाला भ्यायले. "शुभकार्य हाय. तुटका हात पुढे नको," ते म्हणाले. "पाणी चारला आणू. इनासला सहा सांगा." बँडवाल्यांनीही माना डोलावल्या. त्याच बँडवाल्यांनी. सकाळी काका दातांनी सुंभ ओढून मांडवाला केळीचे खांब बांधत होता. मला बघून म्हणाला, "पोरी, पाणी किती वाजता?" बाबा मागेच उभे होते.

मी म्हणाले, "सहाला."

साडेपाचला तो बाजारातून आला. कोटाला इस्त्री, ट्रंपेट चिंचेने घासून लखलखीत केलेलं. ओटीवर रिकामा हंडा होता, बँडवाले चहा पीत होते, माझे केस ओले होते. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"पाणी गार होता का?" एवढंच त्याने विचारलं. उत्तराला थांबला नाही.

लग्नाला तो आला, जेवलाही, पण लग्नात पुन्हा कधी वाजवलं नाही. मयतींना वाजवू लागला. बोलावणं नसलं तरी जायचा. "मेलेला माणूस शकून बघत नाय," म्हणायचा. हळूहळू आसपासच्या गावांतली अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं त्याला बोलावून घ्यायची आणि आपल्या वेळी कुठलं गाणं वाजवायचं ते सांगून ठेवायची. तो ते विसरायचा नाही. वाडीतून येताना एकेक गाणं पुटपुटत यायचा. त्याला मान मिळाला, पुष्कळ मिळाला. आम्ही दिलेला मात्र नव्हता.

मग बाबा गेले. मी उमेळ्याहून पोचले तेव्हा दारातच काकाने विचारलं, "किती वाजता काढणार?"

"चारला," मी म्हणाले. "खरंच चारला, काका."

त्याने मान हलवली, घरी जाऊन कोट घालून आला आणि दोनला पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि इतकी वर्षं राहून गेलेलं एकदाचं बोलून टाकलं. "त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले."

"गेला त्याचा जाऊ दे," काका म्हणाला.

पुढचं अर्धं तो म्हणेल म्हणून मी वाट पाहत राहिले. तो दातांनी बेचकीचा पट्टा आवळत होता. चार वाजले, शवपेटी उचलली, आणि काका उठून बाबांच्या पुढे चालू लागला.