मी कापलेला आवाज

"जिन्यावरून पडली," असं तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं आणि मी ते खरं मानलं. महादेवी, शाळेत प्रार्थनेला माझ्या शेजारी उभं राहून खणखणीत गाणारी माझी मैत्रीण, गेल्या महिन्यात सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात डोकं फुटून मेली. 'काळाने हिरावून नेली' वगैरे मी लिहिणार नाही. काळाने काही केलेलं नाही.

मी नातेपुत्याला शाळेत शिकवते. ती लग्न होऊन सोलापुरात. भजनी मंडळात जायला तिला घरातून बंदी होती, म्हणून तीन वर्षं आम्ही इंटरनेटवर गाणी रचत होतो. गाण्याचं तेच पान दोघींना आपापल्या घरून उघडता यायचं. नवरा दुकानावर गेला की ती दुपारी फोनवर गाऊन ठेवायची, आणि तिचा आवाज माझ्या कॉम्प्युटरवर जांभळ्या पट्टीसारखा उमटायचा. त्याखाली मी पेटी आणि ढोलकी जुळवायची. माझी ढोलकी तिला कधीच पसंत पडली नाही. "सुमे, ढोलकी हाय का पापड मोडतीस?" माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे गाण्याआधी ती कानडीत आकडे मोजायची... ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... आणि मग सूर लावायची. ते मोजणं, मागचे आवाज, सगळं मी न ऐकताच कापायची. पट्टीचं टोक माउसने धरून आत सरकवलं की तेवढा भाग झाकला जातो. पुसला जात नाही, टोक बाहेर ओढलं की परत ऐकू येतो.

काहीच कानावर पडलं नाही असं म्हणाले तर खोटं ठरेल. एकदा गाण्याच्या मधोमध भांडं आदळल्याचा दणका आला. "मांजर गं," ती म्हणाली. "मांजर पाळलंयस का म्हैस?" म्हणून मी हसले. तीही हसली. एकदा तिला 'प' नीट म्हणता येत नव्हता. मी चिडून तिला तीनदा गायला लावलं. त्याच आठवड्यात एका लग्नात भेटली तेव्हा खालच्या ओठावर टाके होते. "दार लागलं की," म्हणाली. फुटलेल्या ओठाने ती तीनदा गायली होती, माझ्या एका अक्षरासाठी!

ती गेल्यावर चौथ्या दिवशी मला तिचं ते मोजणं ऐकावंसं वाटलं, एवढंच. एका पट्टीचं टोक बाहेर ओढलं. ओंदु, एरडु... आणि दार आपटलं, नवऱ्याचा आवाज आला. "कुणाला गाणं ऐकवतीस गं? कुणाला?" मग कमरेच्या पट्ट्याचा सपकन आवाज. पुन्हा. पुन्हा. ती ओरडली नाही. मी दुसरी पट्टी ओढली, तिसरी ओढली. एकीत भिंतीवर काहीतरी जोरात आपटलं आणि तो म्हणाला, "जिन्यावरून ढकलून दीन, कुत्रंबी विचारणार न्हाय." त्यानंतर पाऊण मिनिटाने, श्वास सावरून, ती गायला लागली. तो सूर मी ठेवला होता. त्याआधीचं सगळं कापलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आवाज फोनवर घेऊन मी शुक्रवार पेठेत गेले. तो पांढरे कपडे घालून बसला होता, माणसं भेटायला येत होती. "लई सोसलं बघा तिनं, चक्कर यायची," असं तो कुणाला तरी सांगत होता. मी सरळ जाऊन त्याच्या कानाखाली दिली. चष्मा उडाला. दुसरी देताना नखांनी त्याचा गाल सोलला गेला, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. लोकांनी मला मागे ओढलं. तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी माझा हात धरला. "बाई, काय झालं? शुद्धीवर हाईस का?" मी त्यांना अंगणात नेलं आणि फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी सगळं ऐकलं. मग डोक्याचं पागोटं काढून, पुन्हा नीट बांधून म्हणाले, "चल. पोलिसांत मीबी येतो."

नवरा आता कोठडीत आहे. खटल्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पोलिसांना द्यायला मी एकेक पट्टी पूर्ण उघडत गेले. आमच्या शेवटच्या गाण्याची पट्टी शेवटी उघडली. ती तिने मरायच्या आदल्या आठवड्यात गायली होती आणि मी नेहमीसारखीच, पहिल्या सुरापर्यंतचं सगळं झाकून, व्यवस्थित बसवली होती. टोक ओढलं. आधी काहीच नाही. मग फोनच्या अगदी जवळ तोंड आणून, हळू, तिचा आवाज आला.

"सुमे, आज मागं आवाज यील. येऊ दे. ह्ये कापू नको. तू ऐक."