प्लस बॉडीला

मित्रांनो, दुपारी घडलेली एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही. ती इथेच लिहितो.

भिवापूरजवळच्या आमच्या शेतावर बाबांनी सत्तरच्या दशकात घेतलेला ट्रॅक्टर आहे, सहा व्होल्टचा. आज तो बारा व्होल्टवर न्यायचा होता. मिस्त्रीने बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून नागपूरहून आणलेला अल्टरनेटर बसवला, बल्ब बदलले आणि हात धुवायला गेला. तेवढ्यात नवी बॅटरी मीच जोडली.

मी शाळेत असताना बाबांनी शिकवलं होतं, "प्लस बॉडीले लावजो." म्हणजे बॅटरीची प्लसची वायर ट्रॅक्टरच्या लोखंडी बॉडीला जोडायची; जुन्या वायरिंगला तसंच लागायचं. नव्या अल्टरनेटरला बॉडीवर मायनस हवा, हे मिस्त्रीने सकाळीच बजावलं होतं. तरी हात जुन्याच सवयीने गेला. वायर टेकवताच धूर निघाला.

मिस्त्री धावत आला. बाबा सीटवर हात ठेवून बाजूलाच उभे होते.

"भाऊ, बॅटरी उलटी कोनं लावली? बाबाजीनं काय?"

मी खाली वाकून वायर सोडवू लागलो.

बाबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत, हल्ली विसरतात. बॅटरीकडे बघत म्हणाले, "लावली असन मीच. मले तशीच सवय हाय ना." आणि त्यांनी सीटवरचा हात काढून घेतला.

संध्याकाळी त्यांनी ट्रॅक्टरची चावी माझ्यासमोर धरली. "आता मले त्याच्याजवळ जाऊ देऊ नको गा."

मी ती घेतली.

उद्या खरं सांगणार आहे. पण बाबांनी बॅटरीला हातही लावला नव्हता, हे आता बाबांनाच पटेल का?