काजळीखालचं पातेलं

पितळेवर चिंच घासली की सुटणारा तो आंबट वास आला, की मला लालबागच्या चाळीतली आमची खोली आठवते. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, गिरण्या बंद होत्या. वडील घरीच होते आणि आमच्यापैकी कुणीच न पाहिलेल्या पणजीची भांडी मोडीत घालायला पोत्यात भरत होते. आत्याने पोतं ओढून घेतलं. "थांब रे दादा, नावं तरी वाचू दे!" मोरीत बसून ती एकेक भांडं चिंचेने घासू लागली. कळशीवर पणजीचं माहेरचं नाव निघालं, म्हणजे ती लग्नात आलेली. तांब्यावर सौ. लावून सासरचं नाव. मग ताटंच ताटं, आणि त्यांवर नावाआधी सौ. नाही. "नवरा गेल्यावर तिने स्वतः घेतलीत ही," आत्या म्हणाली, "एवढी ताटं म्हणजे खानावळच चालवत असणार." आणि आम्ही समजत होतो, पणजी लोकांची धुणीभांडी करून जगली! शेवटी एक काळंकुट्ट, अवाढव्य पातेलं उरलं. काजळीखालून अक्षरं वर आली, 'संपात जेवलेल्या मुलांकडून आईस सप्रेम भेट.' वडिलांनी ते दोनदा वाचलं. खाली रस्त्यावर मोर्चाच्या घोषणा चालल्या होत्या. त्यांनी पोतं झटकून घडी घातली. "उद्या याला कल्हई लावून आणतो," ते म्हणाले, "या पोरांनाही भात लागेल." परवा माझ्या सुनेने विचारलं, "आई, एवढं मोठं पातेलं कशाला ठेवलंय हो?" मी चिंच भिजत घातली.