काविळीची माळ माझ्याही गळ्यात

माळ खोटी आहे असं मी म्हटलंच नव्हतं. रक्त तपासा, एवढंच म्हटलं होतं. पण सातवी नापास पोराला काविळीतलं काय कळणार, हे आईचं ठरलेलं.

माझी धाकटी बहीण सुमी हळदीसारखी पिवळी पडल्याचं कळलं आणि मी सुरतेच्या मिलमधून रजा काढली. वसईपर्यंत रेल्वे, पुढे ठाण्याला एसटी बदलून घरी पनवेलला. या वाटेने येणार असाल तर वसईलाच खाऊन घ्या. पनवेलच्या स्टँडवर पोचेपर्यंत कढई थंड पडलेली असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं उरणच्या एसटीत बसलो. बाहेर मिठागरं, खारा वारा. एरवी खिडकीसाठी भांडणारी सुमी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

उरणकडचा गोमाआजा काविळीचं औषध देतो. फी नाही, फक्त नारळ, तोही बरं झाल्यावर. वेलीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून तो माळ डोक्यावर ठेवतो. ती लांबत लांबत छातीपर्यंत आली, की कावीळ उतरली.

"मला पण एक द्या," मी म्हटलं.

"तुला काय झालाय रं?"

"काय नाय. म्हणूनच."

आजाने हसत दिली.

चार दिवसांत सुमीची माळ छातीवर आली, माझीही आली. काड्या सुकतात, गाठी सैल होतात. जिंकलो, असं वाटलं. आईने माझी पापणी ओढून पाहिली.

"म्हंजे तुला पन कावीळ हाय. मिलमदलं पानी पितोस ना."

मी म्हटलं, "मग चल, दोघांचं रक्त बघू."

लगेच उठली. "माज्यासाटी उठली नाय, तुज्यासाटी उठली," सुमीने नंतर ऐकवलं.

माझं रक्त स्वच्छ निघालं, सुमीचं नाही. बाजारपेठेतले डॉक्टर म्हणाले, "अशी कावीळ बहुतेकदा विश्रांतीनेच बरी होते. श्रेय माळेला मिळतं."

"आन् भुईआवल्याचा पाला?" आईने विचारलं.

"त्याच्यावर संशोधन चालू आहे. आशा वाटते, पण पक्का पुरावा अजून नाही. माळ राहू द्या, पोटात कसलाही पाला देऊ नका. पाणी उकळून द्या आणि पंधरा दिवसांनी परत रक्त तपासा."

"माल कारा नाय बोलला," आई रिक्षात म्हणाली.

"काढा नाय बोलला," मी कबूल केलं.

निघायच्या दिवशी सुमीने पेज संपवून सुकट मागितली. आई नाही म्हणाली तशी रुसली. इतके दिवस तिच्यात रुसायचीही ताकद नव्हती.

आता सुरतेच्या खोलीत माझी माळ खिळ्याला टांगली आहे. तिथेही लांबतेच आहे, आणि खिळ्याला कुठली कावीळ? पण आईला हे कळवत नाही. उद्या मनीऑर्डर करतोय. सुमीची दुसरी तपासणी, एसटीचं भाडं आणि गोमाआजाचा नारळ मिळून दीडशे रुपये.