कुठं उभा हायस?

पारनेरजवळच्या आमच्या गावात अशोकने हवामानाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, तेव्हा नियम एकच होता. इथे हवामानाशिवाय काही टाकायचं नाही. रोज 'सुप्रभात' टाकणाऱ्या सरपंचांनाही त्याने बाहेर काढलं होतं. सव्वा महिन्यापूर्वी तो नियम अशोकच्याच नंबरवरून मोडला. 'आमचे हे पहाटे गेले,' त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी लिहिलं होतं. मी मेसेज दोनदा वाचला, चहा तसाच ठेवला आणि निघालो.

अशोक माझा शाळेपासूनचा मित्र. राहुरीकडच्या एका हवामान केंद्रात त्याने हयात काढली आणि निवृत्तीनंतर गावी आला. रडार, उपग्रह, विजेची सूचना अर्धा तास आधी देणारं अॅप... घरचं कार्य असल्यासारखं तो हे सांगत बसायचा. "ढग तुला विचारून येतात का रे?" मी चिडवायचो. "विचारून न्हाई, सांगून येतात," तो म्हणायचा.

एका ऑक्टोबरात कांद्याच्या लागणीवर गेलेली गावातली शांताबाई वीज पडून गेली. अशोकने इशारा वेळेत पाठवला होता. तो भेटायला गेला तेव्हा तिची जाऊ म्हणाली, "आभाळ आलं म्हनून तुमचा मेसेज बघायला ती लिंबाखाली गेल्ती, भाऊ. रानात रेंज तिथंच हाय." आमच्या माळावर रेंज झाडाखालीच मिळते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अशोकला ते सुचलं नव्हतं. मलाही नाही, पण मेसेज मी पाठवत नव्हतो.

 महिनाभरात त्याने शाळेच्या छपरावर भोंगा बसवला. इशारा आला की त्याचा बसका आवाज रानभर जायचा, "विजा हायेत. मोबाईल बघू नका. झाड सोडा, घरात जा." त्यानंतर एकेकाला फोन. नमस्कार-चमत्कार नाही, पहिला प्रश्न एकच.

"कुठं उभा हायस?"

"घरात."

"खरं सांग."

मला त्याचा कंटाळा यायचा, हे आता कबूल करतो. भोंगा आल्यापासून गावात विजेने कोणी गेलं नाही, असं मी एकदा म्हणालो. "शांताबाई गेली," एवढंच तो म्हणाला.

परवा दुपारी मी अंगणातल्या चिंचेखाली खाटेवर पेपर वाचत होतो. आभाळ भरून आलं होतं. फोन वाजला. स्क्रीनवर अशोकचं नाव.

"भावजी, कुठं उभे हाय तुमी?" सुलभावहिनी विचारत होत्या.

"घरात," मी म्हणालो.

"खरं सांगा."

पेपर खाटेवर टाकून मी आत गेलो, आणि मग खरं सांगितलं.